आई मोठ्याने भाषांतर करायची

मी मूळचीच भित्री. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे जे येईल त्यात पुस्तकांचा दोष किती आणि माझ्या स्वभावाचा किती, ते वाचणाऱ्याने आपलं आपण ठरवावं. झुरळांना मी घाबरायचे, लिफ्टला घाबरायचे, मोरीतून पाणी जाताना होणाऱ्या आवाजाला घाबरायचे, आणि जपानी शाळेत भूकंपाची कवायत असली की डोक्यावर चढवायच्या त्या जाड चंदेरी टोपीला तर इतकी घाबरायचे की आदल्या दिवशीच अंगात कणकण यायची. पण टोकियोजवळच्या इचिकावाच्या घरात जी भीती माझ्या मानगुटीवर बसली ती वेगळी होती. ती एका अमेरिकन लेखकाच्या सुरुवातीच्या कादंबऱ्यांतून आली, आणि तिला आमच्या घरात आणलं माझ्या आईने.

त्या लेखकाचं आज केवढं नाव आहे. आता मी कोबेत राहते. इथल्या स्टेशनाशेजारच्या पुस्तकांच्या दुकानात त्याच्या जपानी भाषांतरांना एक अख्खा कप्पा दिलेला आहे. परवा माझ्या लेकीने त्यातलं एक उचललं तेव्हा मी आधी मागचं पान उघडून ते कधीचं आहे हे बघितलं. उतारवयातलं निघालं, मग मी ते घेऊ दिलं. नंतरच्या कादंबऱ्यांत तो चांगलाच समंजस झाला आहे, माणसं चुकतात, माफ करतात, पुस्तक मिटून वाचक सुखाने झोपतो. पहिल्या तीन कादंबऱ्या तशा नाहीत. त्या लिहिल्या तेव्हा त्याला कोणी ओळखत नव्हतं, आणि वाचकावर थोडी दया करायची असते हेही त्याला कोणी सांगितलेलं नव्हतं, असं माझं मत आहे. त्यांत भुतं नाहीत, रक्त नाही. जे काही वाईट होतं ते स्वयंपाकघरात होतं, लख्ख दिव्याच्या उजेडात, जेवायच्या वेळी. समीक्षक म्हणतात की त्याचं खरं बळ त्या पहिल्या तिन्हींतच आहे. असेल बापडं. त्यांनी त्या मराठीत, आईच्या तोंडून, वयाच्या अकराव्या वर्षी ऐकलेल्या नाहीत.

बाबा मुंबईच्या बँकेतून टोकियोच्या शाखेत आले होते. सकाळी उजाडायच्या आत निघायचे आणि परत यायचे ते माणूस कमी आणि सुरकुतलेला कोट जास्त, अशा अवस्थेत. आई डोंबिवलीच्या कॉलेजात इंग्रजी शिकवायची. मुलं तिच्या तासाला खिडकीत उभी राहून ऐकायची, असं बाबा कौतुकाने सांगायचे. इचिकावात मात्र तिचं ऐकायला कोणी नव्हतं. पहिलं वर्षभर ती कचऱ्याशीच झुंजत होती. आज जळणारा कचरा, उद्या बाटल्या, परवा कागद, आणि चुकलं की पिशवी तिथेच राहायची, वर लाल चिठ्ठी चिकटवलेली. ती चिठ्ठी आईला वाचता यायची नाही, मला यायची, आणि शाळेतून आल्यावर मी ती वाचून दाखवली की आई पिशवी परत वर आणायची. भात चिकट व्हायचा, बाबा त्याला गुरगुट्या म्हणून नावं ठेवत खायचे. मुळा हाताच्या कोपरापर्यंत लांब. त्यातल्या त्यात हिरव्या सालीच्या जपानी भोपळ्याचे घारगे फर्मास व्हायचे, आणि घारगे तळायचा दिवस हा आमच्याकडे आईची तब्येत बरी असल्याचा दिवस धरला जायचा. असे दिवस कमी होत चालले होते. ती खिडकीशी बसून खालच्या रस्त्यावरून जाणाऱ्या सायकली बघत राहायची, आणि मी शाळेतून आले की 'आलीस?' एवढंच म्हणायची.

मग पुण्याच्या एका प्रकाशकांचा फोन आला. तिच्या कॉलेजातल्या कोणी तिचं नाव सुचवलं होतं. त्या लेखकाच्या पहिल्या तीन कादंबऱ्या मराठीत आणायच्या होत्या, वहिनी कराल का? आईने हो म्हटलं आणि फोन ठेवल्यावर मला उचलून गोल फिरवलं. उचलून घ्यायचं माझं वय उलटून गेलेलं होतं, दोघी धडपडलो, आणि त्या संध्याकाळी घारगे झाले.

आईची काम करायची एक पद्धत होती. एक परिच्छेद इंग्रजीत मनात वाचायचा, पुस्तक पालथं घालायचं, आणि तो सगळा मराठीत मोठ्याने बोलायचा. जिभेवर बसल्याशिवाय कागदावर उतरवायचं नाही. नुसतं बोलणंही तिला चालायचं नाही. म्हातारा बोलत असला की ती पाठीत वाकायची, मुलगी बोलत असली की आवाज बारीक काढायची, रडणं असलं की रडायची, किंकाळी असली की किंकाळी. एका हातात झारा, गॅसवर आमटी, आणि ओट्यापासून तातामीच्या, म्हणजे जाड चटयांच्या, खोलीपर्यंत येरझाऱ्या. संध्याकाळी नगरपालिकेच्या खांबावरच्या भोंग्यातून मुलांना घरी बोलावणारे सूर वाजायचे, मी घरी आलेली असायचे, आणि त्याच सुमाराला तिचं हे सुरू व्हायचं. कारण तिला कान हवा असायचा. "मनू, हे मराठी वाटतंय ना गं? की भाषांतर वाटतंय?" मी म्हणायचे, मराठी वाटतंय. दुर्दैवाने ते खरंच मराठी वाटायचं. ते अमेरिकेतलं बर्फाळ गाव आमच्या डोंबिवलीला लागूनच कुठेतरी असावं, इतकं.

पहिल्या कादंबरीतून मी कशीबशी निभावले. दुसरीने मात्र माझी झोप घालवली. तिची गोष्ट अशी. एका गावात जेवायच्या वेळी दोन माणसं दार वाजवतात. अतिशय सभ्य माणसं. टोप्या काढतात, पायपुसण्यावर बूट पुसतात, हवापाण्याचं बोलतात. काही खात नाहीत, पीत नाहीत. जाताना घरातलं एक मूल घेऊन जातात. आणि दुसऱ्या दिवशी त्या मुलाची आई ताटं मांडते तेव्हा एक ताट कमी मांडते, कारण आपल्याला ते मूल होतं हेच ती विसरलेली असते. गोष्टीतल्या मुलीचा भाऊ असा जातो. त्याची आठवण फक्त तिला राहते. मग एका संध्याकाळी ती बाहेरून घरी येते तर आई दार उघडत नाही. काचेतून बघते आणि विचारते, कोण पाहिजे?

तिथे ती मुलगी ओरडते. पानभर ओरडते. ते पान आईच्या मनासारखं होईना. "आई, मी आहे ना गं! माझ्याकडे बघ! दार उघड!" असं ती एकदा रडून म्हणून बघायची, एकदा चिडून, एकदा दारावर खरंच मुठी आपटून. कित्येक संध्याकाळी तेच पान चाललेलं. मी गृहपाठाची वही पुढ्यात घेऊन बसलेली असायचे आणि जेवायच्या वेळी आई ताटं घ्यायला वळली की श्वास रोखून ती किती काढते ते बघायचे.

हे मी तिला कधी सांगितलं नाही. मी घाबरते हे कळलं असतं तर तिने ते काम त्याच दिवशी बंद केलं असतं, अशीच होती ती. आणि मग पुन्हा ती खिडकी आणि त्या सायकली. मला त्या गोष्टीची भीती वाटायची, पण खिडकीशी बसलेल्या आईची त्याहून जास्त वाटायची. म्हणून रात्री पांघरुणात तोंड खुपसून मी आवाज न करता घाबरायला शिकले. मला वाटायचं की हे मला छान जमलं आहे.

बाबांना सगळी गंमत वाटायची. रात्री दारातूनच विचारायचे, "काय, आज कोणाचा मुडदा पाडलात?" आणि मग कधीतरी जरा गंभीर होऊन, "हळू वाच गं थोडं. इथल्या भिंती म्हणजे पापड आहेत." आई म्हणायची, "पण मराठी कोणाला कळतंय इथे!" आमच्या खाली मोरिता-सान नावाच्या एक विधवा आजी राहायच्या. जिन्यात भेटल्या की पूर्वी नुसत्या वाकून हसायच्या. त्या हिवाळ्यात त्या थांबायला लागल्या. माझ्या हातात संत्री ठेवायच्या, माझे हात उलटसुलट करून बघायच्या, आणि हळूच विचारायच्या, "दाइजोबु?" ठीक आहेस ना? मी "दाइजोबु" म्हणायचे. त्यांचं समाधान होत नसे, हे मला तेव्हाही दिसायचं, का ते कळत नव्हतं.

आणखी एक गोष्ट त्या दिवसांत कानावर पडली होती. पोस्टिंगवर आलेल्या आपल्याकडच्या लोकांच्या बायका रविवारी कोणाकोणाकडे जमायच्या. त्यातल्या एकीने पोहे खाता खाता सांगितलं की इथे मुलावर हात उगारला, नुसतं ओरडलं, तरी सरकारची माणसं येतात आणि मूल घेऊन जातात. परत देताना महिने लावतात, भेटूही देत नाहीत. तिच्या ओळखीत असं कोणाचं झालं होतं म्हणे. खरं किती, फुगवलेलं किती, देव जाणे. आई त्या दिवशी घरी आल्यावर कामाला बसली नाही.

पण दोन दिवसांनी पुन्हा बसली. ते पान अजून राहिलं होतं. त्या दिवशी घारग्यांचा पहिला घाणा निघाला होता, दुसऱ्यासाठी कढईत तेल तापत होतं, आणि आई आमच्याच दारावर मुठी आपटत "मी आहे ना गं!" असं जीव तोडून ओरडत होती. ती थांबली, आणि त्याच दारावर बाहेरून टकटक झाली.

मी दार उघडलं. एक मध्यमवयीन बाई आणि एक तरुण माणूस. दोघं खाली वाकले. बाई म्हणाल्या, त्या ओनो, मुलांची काळजी घेणाऱ्या सरकारी कार्यालयातून आल्या आहेत, थोडं आत येऊन बोललं तर चालेल का. आज फार गारठा आहे नाही, असंही म्हणाल्या. मग दोघांनी बूट काढले, वाकून ते जुळवले आणि टोकं दाराकडे करून ठेवले. जपानात सगळेच तसं करतात, मीही रोज करायचे. त्या दिवशी ते बूट तसे दाराकडे वळलेले बघून मला गोष्टीतले पायपुसण्यावर पुसलेले बूट आठवले.

"काय म्हणतायत?" आईने विचारलं. आईला जपानी दुकानापुरतं यायचं, म्हणून घरातली दुभाषी मीच. मी सांगितलं, "मला बघायला आलेत." आईने गॅस बंद केला, बाबांच्या बँकेत फोन लावला. ते मीटिंगमध्ये होते, निरोप ठेवला. मग तिने चहा केला, आधी तळून झालेले घारगे बशीत काढले. ओनो-सान दोन्ही हात हलवून नको म्हणाल्या, कामावर असताना त्यांना काही घेता येत नाही. काही खात नाहीत, पीत नाहीत. मी आईकडे बघितलं. हे तिच्याही लक्षात आलं असेल का, असं मला वाटलं, पण ती बशी धरून नुसती उभी होती.

"सांग त्यांना," आई म्हणाली, "मी पुस्तक वाचत होते म्हणून."

मी सांगितलं. ओनो-सान मान हलवत राहिल्या. रोज? इतक्या मोठ्याने? रडून? आईने लिहिलेले कागद आणून पुढे केले. त्यांनी ते आदराने दोन्ही हातांत घेतले, त्या तरुणाने डोकं तिरकं करून बघितलं, आणि आदराने परत केले. आमची अक्षरं त्यांच्या काय कामाची? अमेरिकन पुस्तकही दाखवलं. मुखपृष्ठावर बर्फातलं एक बंद दार होतं. त्याने काही फायदा झाला नाही. मग ओनो-सान म्हणाल्या की नियमाप्रमाणे त्यांना मुलीशी एकटीशी बोलावं लागेल. हे वाक्यही मी आईला मराठीत सांगितलं. आईने माझ्या केसांवरून हात फिरवला आणि म्हणाली, "जा. खरं ते सांग."

हे तिचं नेहमीचं वाक्य होतं. माझ्यासारख्या मुलीला ते त्या दिवशी सांगायला नको होतं.

आम्ही माझ्या खोलीत बसलो, मधलं सरकतं दार ओढलं. पलीकडे आई आणि तो तरुण. ओनो-साननी माझ्या शाळेचं विचारलं, जेवणाचं विचारलं. आवाज इतका मऊ की मला रडू यायला लागलं. मग त्यांनी विचारलं, "मानसी-चान, घरात कधी भीती वाटते का?"

खरं ते सांग म्हणाली होती. मी म्हटलं, "हो."

"कधी कधी?"

"रोज."

त्यांचं पेन चालायचं थांबलं नाही, पण हळू झालं. "कशाची?"

"आई मला विसरेल, याची."

"आई बाहेर ठेवते का तुला? दार लावून घेते?"

"पुस्तकात लावते," मी म्हटलं, आणि त्यांना ते कळलं नाही हे त्यांच्या डोळ्यांत दिसलं. त्या क्षणी मला समजलं की आपण काय करून बसलो आहोत. आता या मला नेणार. उद्या आई ताटं घ्यायला वळेल आणि दोनच काढेल. दुसरं काही सुचलं नाही म्हणून मी ती गोष्ट सांगायला लागले. पहिल्यापासून, जपानीत. ते गाव, ते बर्फ, ती सभ्य माणसं. सांगताना माझ्याही नकळत मी आईसारखीच सांगायला लागले. म्हातारा बोलताना पाठीत वाकले, मुलीचा आवाज बारीक काढला, आणि दाराचा प्रसंग आला तेव्हा सरकत्या दारावर मुठी आपटून ओरडले, "ओकाआसान! मी आहे! माझ्याकडे बघा! ओकाआसान!"

आई आता नाही. ती गेली त्याच्या आदल्या वर्षी एकदा सहज बोलता बोलता तिने मला सांगितलं की पलीकडून तिला काय ऐकू आलं होतं. आपली मुलगी न कळणाऱ्या भाषेत बोलते आहे, बोलता बोलता तिचा आवाज चिरतो आहे, ती दारावर मुठी मारून किंचाळते आहे. त्या सगळ्यात आईला एकच शब्द कळत होता, ओकाआसान. आई. तो पुन्हा पुन्हा येत होता. मोरिता-साननी महिनाभर खालून जे ऐकलं, ते आईने त्या संध्याकाळी ऐकलं. फोन त्यांनीच केला असावा. कार्यालयाने नाव कधी सांगितलं नाही, आम्ही विचारलंही नाही. माझ्या मनात त्यांच्याबद्दल राग नाही. वर खरंच कोणी पोर मार खात असतं तर त्याचं म्हणायला त्या एकट्याच होत्या. आजही शेजारी कोणी मूल जास्त वेळ रडलं की मी हातातलं काम ठेवून भिंतीशी जाऊन उभी राहते.

माझी गोष्ट काचेपर्यंत आली. आतली बाई विचारते, कोण पाहिजे? तिथे मी थांबले.

ओनो-साननी पेन खाली ठेवलं होतं. "मग?" त्या म्हणाल्या. मग स्वतःच जरा ओशाळल्या, पण पुन्हा विचारलंच, "मग काय होतं? ओळखते का ती?"

"माहीत नाही," मी म्हटलं. "आईने पुढचं अजून केलेलं नाही."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग बंद दाराकडे. त्यांना आता सगळं कळलं होतं, हे मला कळलं. तरी त्या उठल्या तेव्हा मी मागे सरकले, कारण गोष्टीतली माणसंही शेवटी अशीच शांतपणे उठतात. त्यांनी दार सरकवलं.

दाराशी आई उभी होती. तिच्या हातात माझी सहलीची बॅग होती, भरलेली. चेन लागत नव्हती, त्यातून माझा लोकरीचा पायजमा बाहेर आला होता. मागे तो तरुण अवघडून उभा. बाई घर आवरते आहे असं समजून त्याने तिला अडवलं नव्हतं. आई रडत नव्हती. कॉलेजात शिकवताना बोलत असेल तशा स्पष्ट आवाजात ती मला म्हणाली, "मनू, त्यांना सांग, हिला एकटीला झोपवू नका."

मी त्या बॅगेकडे बघत होते.

"सांग ना. म्हणावं, रात्री घाबरते ही. पांघरुणात तोंड घालून घाबरते, कोणाला कळू देत नाही. मी उठून येते आणि ही झोपेपर्यंत दाराबाहेर बसते. तिथे कोणीतरी बसा म्हणावं. एवढंच करा म्हणावं."

मी ते ओनो-सानना जपानीत सांगितलं. स्वतःबद्दल असं तिसऱ्याच कोणाबद्दल सांगावं तसं, एकेक वाक्य, काही न गाळता. ओनो-साननी आईच्या हातातली बॅग घेतली, खाली ठेवली, पायजमा आत सारून चेन लावली. मग आईसमोर गुडघ्यांवर बसून त्या जे बोलल्या ते मी आईला मराठीत सांगितलं. त्या म्हणतायत, आम्ही तिला कुठेही नेत नाही आहोत. तिला तुमच्याजवळच झोपवा.

आईला ते ऐकू गेलं नाही. मला पुन्हा सांगावं लागलं.